मांजरीसाठी मूषक

माझी पत्नी गेली, त्यानंतर काही दिवसांनी घरातून आणखी एकजण गेली, ती आमची मांजर. पत्नी परत येणार नाही हे मला समजले होते. मांजर मात्र रोज सकाळी आमच्या गॅलरीसमोर, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर येऊन बसे, माझ्याकडे बघे आणि येत नसे. हे समजून घेणे मला जास्त जड गेले.

मी मुद्रितशोधक आहे. छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका काढणे, ऱ्हस्वदीर्घ तपासणे, नको तिथला अनुस्वार उचलून हवा तिथे ठेवणे, एवढ्यावर माझा संसार झाला. व्याकरणाप्रमाणे मांजर नपुंसकलिंगी, म्हणून मी इतकी वर्षे तिला ‘ते मांजर’ म्हणत आलो. पत्नी म्हणायची, “तिला पिल्लं झाली तेव्हा तरी ‘ती’ म्हणा.” या लेखात मी ‘ती’ म्हणतो आहे. छापताना कुणी दुरुस्त करू नये.

पत्नी गास गावची. शेतीवाल्या जुन्या घरातली. लग्न होऊन एव्हरशाईन सिटीत आली तरी तिच्या तोंडातला ‘न’ काही ‘ण’ झाला नाही. पाणी तिच्याकडे पानी होते, लोणचे लोनचा होते, आणि मासळीतला ‘ळ’ समुद्रातच राहिला होता. मी देशावरचा, माझ्या घरी मासळीही नव्हती आणि तिचा उच्चार चुकवणारेही कुणी नव्हते. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत ती मला म्हणाली, “मांजरीला उपाशी ठेवू नका. आणि तिच्याशी पुस्तकातलं बोलू नका.” पहिले मी लगेच कबूल केले. दुसऱ्याचा अर्थ नीट कळला नव्हता.

तेव्हा मांजर घरात आणायची, खाऊ घालायची, हे माझ्यावर होते. मी बशीत तळलेली मांदेली घेऊन गॅलरीत उभा राहिलो.

“ये,” मी म्हणालो. “इकडे ये. घाबरू नकोस. मी तुझ्यासाठी मासळी आणली आहे.”

मांजरीने कान हलवला. शेजारच्या गॅलरीत आमचे शेजारी, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, पेपर वाचत होते. ते पेपरामागून म्हणाले, “तिला बोलावताय की निवेदन देताय?”

“हाक मारतोय.”

“मला वाटलं ठराव मांडताय. अनुमोदन हवं असेल तर सांगा.”

तेवढ्यात त्यांच्या स्वयंपाकघरातून “अहो” असा आवाज आला आणि ते पेपराची घडी घालत आत गेले. त्यांच्या घरी ही हाक दिवसभर चालू असते. आमच्याकडेही असे. मी बशी कठड्यावर ठेवली. मांदेली कावळ्याने नेली.

आता मोबाईलचे सांगतो. गेल्या उन्हाळ्यात पत्नी लोणच्याच्या दिवसांत माहेरी राहायला गेली होती, तेव्हाही मांजर घरी येईना. मी तिला फोन केला. ती म्हणाली, “अहो, फोन मोठ्यानं बोलता करा आणि दाराशी धरा. मी हाक मारते.” मी फोन दाराशी धरला. तिची हाक मारून व्हायच्या आतच मांजर उंबऱ्यात हजर. परत आल्यावर पत्नी म्हणाली, “मी माझा आवाज मोबाईलमध्ये भरून ठेवला. पुढच्या वेळी वाजवा.” मग माझ्या हातातल्या बटणांच्या फोनकडे बघून म्हणाली, “पण पाठवू कशावर? तुमच्या या डबीवर?”

तो आवाज तिच्या मोबाईलमध्येच राहिला. माझ्याकडे तिच्या आवाजाचे दुसरे काहीही नव्हते. एकाच घरात राहणारी माणसे एकमेकांचा आवाज साठवून ठेवत नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर तिचा मोबाईल मी फ्रीजवर ठेवला. दुसऱ्या दिवशी मांजरीने तो खाली पाडला, फरशीवर त्याच्याकडे थोडा वेळ बघितले आणि घर सोडले. मोबाईल चालू होता. वेळ दाखवत होता, वॉलपेपरवरचा गासच्या विहिरीचा फोटो दाखवत होता. पण बोट लावले की काही होत नसे. वर सरकवा, खाली सरकवा, काचेला काहीच कळत नव्हते. दुरुस्तीच्या दुकानात सांगितले की या जुन्या मॉडेलची काच आता येत नाही, मागवून बघू, मिळाली तर मिळाली.

मग मेहुणी आली. पत्नीची धाकटी बहीण, गासलाच असते. पिशवीभर वांगी आणि केळी घेऊन आली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि गॅलरीत जाऊन टाकीकडे बघत उभी राहिली.

“भावजी, ती वाळली.”

“दुसऱ्या मजल्यावर दूध पिते असं ऐकलं.”

“दुसऱ्याच्या घरचं दूध अंगाला लागत नाय.” ती आत आली. “बगा, रविवारपर्यंत आली घरात तर ठीक. नायतर मी टोपली आनते आनि तिला गासला नेते. आमच्याकडं उंदीर हायत, वाडी हाय, मानसं हायत.”

“इथेही माणूस आहे.”

“एक हाय,” ती म्हणाली. मग जरा खालच्या आवाजात, “भावजी, ताईनं मला बी सांगितलेलं हाय, मांजरीला उपाशी नको.”

तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. मांजर टोपलीतून गासला जाणार आणि मी या घरात एकटाच उरणार, हे चित्र मला स्वच्छ छापल्यासारखे दिसले.

माझ्याकडे एक जुना लॅपटॉप आहे. त्यावर जी कार्यप्रणाली आहे ती कुणा एकाच्या मालकीची नाही. जगभरातले लोक ती फावल्या वेळात लिहितात, फुकट देतात, आणि आतला मजकूर कुणालाही उघडून बघता येतो. मी या लोकांत कसा गेलो ते सांगायला हवे. एकदा त्यातल्या मराठी पडद्यावर ‘उघडा’च्या जागी ‘उघढा’ असे लिहिलेले दिसले. मी त्या मंडळींना एक नम्र पत्र टाकले. उत्तर आले की आभारी आहोत, आता उरलेलेही तुम्हीच बघा. तेव्हापासून मी अनोळखी लोकांच्या आज्ञावल्यांचे, म्हणजे प्रोग्रॅमचे, मराठी तपासतो. आज्ञावली कशी चालते यातले मला काही कळत नाही. ती बंद पडताना जे म्हणते ते शुद्ध असावे, एवढीच माझी जबाबदारी.

तिथे आमचे वादही झाले. संगणकाच्या माऊसला ‘मूषक’ म्हणावे असा प्रस्ताव मी मांडला होता. सगळ्यांनी तो फेटाळला. एका सभासदाने लिहिले, “सर, मूषक म्हटलं की गणपती आठवतो, क्लिक करायला हात होत नाही.” मी तेव्हा आठवडाभर रुसून होतो. पत्नी म्हणाली होती, “ज्यांचं तोंड बघितलं नाही त्यांच्यावर कोन रुसतं?”

तर त्या लॅपटॉपला मी तिचा मोबाईल केबलने जोडला. मोबाईल चार्ज होऊ लागला आणि पडद्यावर वाक्य आले: ‘उपकरण सापडले नाही.’

वाक्य निर्दोष होते. मीच तपासले होते. आधी ते ‘उपकरण मिळाला नाही’ असे होते आणि त्या लिंगासाठी मी एका भल्या माणसाशी दोन पानी पत्रव्यवहार केला होता. उपकरण माझ्या हातात होते, त्यावर गासची विहीर दिसत होती, आणि माझे शुद्ध मराठी मला सांगत होते की ते सापडले नाही.

वाचून कळले की काही केबली फक्त वीज नेतात, माहिती नेणाऱ्या तारा त्यांच्यात नसतातच. पत्नी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात केबली ठेवायची, प्रत्येकीला रबर लावून. मी एकेक लावून पाहिली. एकीने मोबाईल ओळखला. आता वाक्य बदलले: ‘उपकरण रिकामे आहे.’ हेही मी तपासलेले. मोबाईलला कुलूप असते तोपर्यंत तो आतले काहीच दाखवत नाही, आणि कुलूप काढायला काचेवर बोट सरकवावे लागते. कुलपाचे आकडे मला ठाऊक होते. आमच्या फ्लॅटचा क्रमांक, दोनदा. हे आकडे मला, मेहुणीला, भाजीवाल्याला आणि बहुधा मांजरीलाही ठाऊक होते. अडचण आकड्यांची नव्हती, बोटाची होती.

मग शोधता शोधता एक छोटी आज्ञावली सापडली. तीही अशीच, फुकट आणि उघडी. मोबाईल केबलने संगणकाला जोडला की त्याचा पडदा संगणकावर दिसतो, असे तिचे मुख्य काम. पण त्यासाठी आधी मोबाईलवर बोटाने संमती द्यावी लागते, म्हणजे माझ्या कामाचे नाही. खाली मात्र आणखी एक पद्धत दिली होती. तिच्यात पडदा दिसत नाही, संमतीही लागत नाही. संगणकाचा कीबोर्ड आणि माऊस मोबाईललाच जोडल्यासारखे चालू लागतात, बस. कुणीतरी, कुठेतरी, फुटलेल्या काचेवर बोट घासत बसले असणार, आणि नंतर त्याने हे लिहून ठेवले असणार. मी त्याची माहितीपुस्तिका सावकाश वाचली. एक शब्द दोनदा पडला होता. ते कळवायचे मी टिपून ठेवले.

रविवार उजाडला. मेहुणी टोपली घेऊन आली तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, मोबाईल आणि केबल मांडून बसलो होतो. टोपलीला झाकण होते आणि झाकणाला सुतळी. तिने ती मोबाईलशेजारीच ठेवली.

“हे काय मांडलंय, भावजी?”

“तुझ्या ताईने मांजरीसाठी आवाज भरून ठेवला आहे. तो काढतोय.”

“बोटानं नाय निघत?”

“नाही. म्हणून मोबाईलला मूषक जोडतोय.”

“काय जोडता?”

“माऊस. उंदीर.”

तिने टोपलीकडे बघितले, टाकीवरच्या मांजरीकडे बघितले, मग माझ्याकडे. “मांजार आनाया उंदीर लावला,” ती म्हणाली. “ताई असायला पायजे होती.”

मी आज्ञा दिली. संगणक म्हणाला: ‘अनुमती नाकारली.’

“कोनी नाकारली?” मेहुणीने विचारले. “मोबाईलनं?”

“नाही. माझ्याच लॅपटॉपनं.”

“मग तुमचाच लॅपटॉप तुमचं का ऐकत नाय?”

याचे उत्तर होते, पण मला ते पुस्तिकेत पुन्हा शोधावे लागले. केबलच्या दारावर लॅपटॉप स्वतःच पहारा देतो, आणि मालकाने खास अधिकार वापरून सांगितले तरच बाहेरच्या वस्तूशी कुणाला बोलू देतो. मी खास अधिकार वापरला, म्हणजे सांकेतिक शब्द भरला. दोनदा चुकलो, कारण मेहुणी बघत होती.

आणि मग लॅपटॉपवरचा बाण नाहीसा झाला. मी माऊस हलवला. तिच्या मोबाईलच्या काचेवर, विहिरीच्या काठाशी, एक छोटा बाण उमटला होता आणि माझ्या हाताबरोबर हलत होता.

मी बाण थोडा उजवीकडे नेला, थोडा डावीकडे. या काचेवर शेवटची हालचाल तिच्या बोटाची होती. मेहुणीने पदराचे टोक नाकाला लावले आणि म्हणाली, “आता फिरवतच बसनार का?”

मी कुलूप काढले. आवाज भरण्याची जागा उघडली. त्यात शोधायची चौकट होती. मी माझ्या कीबोर्डवरून लिहिले: मांजर. मोबाईल म्हणाला, ‘काहीही सापडले नाही.’ मी ‘मांजरीची हाक’ लिहिले. काहीही सापडले नाही.

“भावजी, तुमी तुमचं मांजर शोधताय,” मेहुणी म्हणाली. “ताईचं शोधा.”

मी चौकट पुसली आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, हेतुपुरस्सर अशुद्ध लिहिले: मांजार. लगेच एक ध्वनिमुद्रण समोर आले.

आम्ही केबलसकट सगळे टेबल गॅलरीच्या दाराशी ओढले. आवाज पूर्ण मोठा केला. मी बाण खुणेवर नेला आणि क्लिक केले. मला त्या क्षणी गणपती आठवला, ते मान्य करतो.

मोबाईलमधून आवाज आला: “म्याऊं.”

थोडे थांबून पुन्हा: “म्याऊं.” पत्नीने मांजरीला हाक मारून ठेवली नव्हती, मांजरीची हाक भरून ठेवली होती. ती का, ते कळायला आता मार्ग नव्हता. आमच्या मांजरीने टाकीवरून स्वतःचा आवाज ऐकला आणि शेपूट अंगाभोवती गुंडाळून डोळे मिटले. खालून मात्र सोसायटीचा एक जाडा बोका जिन्याने वर आला, आमच्या दारात बसला, आणि टोपलीकडे आशेने बघू लागला.

“हा फुकटचा आला,” मेहुणी म्हणाली. “याला नेऊ का?”

मला हसू आले आणि तेवढ्यातच फार थकल्यासारखे झाले. तिचा आवाज नव्हता. भरून ठेवला असे ती म्हणाली होती, पण बाकी हजार गोष्टींसारखे ते राहून गेले असेल. मी मोबाईल बंद करायला बाण कोपऱ्यात नेत होतो. वाटेत चुकून क्लिक झाले, शोधाची चौकट पुसली गेली आणि खाली दुसरे एक ध्वनिमुद्रण दिसले. त्याचे नाव होते ‘हे घोरतात’.

‘हे’ म्हणजे मी. तिने माझे नाव कधी घेतले नाही, मोबाईलमध्येही लिहिले नाही.

“ते लावा,” मेहुणी म्हणाली.

“कशाला?”

“लावा तर. ताई सांगायची, मोटार लागल्यासारखं घोरतात, आनि तुमी म्हनायचे पुरावा काय. हा बगा पुरावा. तेवढं ऐकून मी मांजार घेऊन जाते.”

मी लावले. आवाज पूर्ण मोठा होता हे विसरलो. दुपारच्या शांततेत एव्हरशाईन सिटीवर माझे घोरणे पसरले. खरोखर मोटारच होती, चढावर गिअर बदलणारी. शेजारच्या गॅलरीत गृहस्थ बाहेर आले आणि वर बघू लागले, बहुधा टाकीचा पंप बिघडला असे त्यांना वाटले. बोका जिन्याने खाली पळाला. मेहुणी ओट्याला धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी गळत होते.

मग घोरण्याच्या मधल्या एका फटीत पत्नीचा आवाज आला. अगदी जवळून, शेजारच्या खुर्चीवरून यावा तसा.

“ऐकलं ना आता? अहो. अहो, उठा. जेवन वाढलंय. मासली गार होते.”

मी उठून उभा राहिलो. का उठलो ते मला सांगता येणार नाही. हात धुवायचे आहेत असे वाटले.

“आलो आलो,” शेजारचे गृहस्थ आपल्या घराकडे तोंड करून म्हणाले आणि आत गेले.

आणि टाकीवरून मांजर उतरली. घाई न करता. पाइपवरून भिंतीवर, भिंतीवरून कठड्यावर, आणि कठड्यावरून आत. माझ्याकडे किंवा मोबाईलकडे न बघता ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याखाली जिथे तिची बशी असे तिथे, बशी नसताना, बसली.

तेव्हा मला गेल्या उन्हाळ्यातला फोन आठवला. हाक मारून व्हायच्या आतच ती उंबऱ्यात हजर झाली होती. मी फोन दाराशी धरल्यावर पत्नीने पहिला शब्द काढला होता तो ‘अहो, धरला का?’ मधला ‘अहो’. आमच्या घरात रोज ‘अहो’ म्हटले की ताटे वाढली जायची, मी येऊन बसायचो, आणि मागोमाग मांजर यायची. मला वाटायचे ती माझ्यामागून येते. ती स्वतःच्या हाकेला येत होती. इतकी वर्षे या घरात आम्ही दोघे ‘अहो’ होतो, आणि मला एकट्यालाच ते माहीत नव्हते.

मेहुणीने हे ऐकून घेतले. “मंग ताईनं कुनाला हाक मारली असेल, कोन जाने,” ती म्हणाली. तिने मांजरीला वाटीत भात कालवून दिला, वांग्याची भाजी फोडणीला टाकली, माझ्यापुढे ताट ठेवले, आणि जाताना टोपलीत पत्नीची लोणच्याची रिकामी बरणी घालून टोपली गासला घेऊन गेली.

संध्याकाळ व्हायच्या आत मी मोबाईलचे कुलूप उघडे ठेवून ती आज्ञावली थांबवली आणि त्याच केबलने आवाज लॅपटॉपवर उतरवून घेतला. संगणकाने विचारले, नाव बदलायचे का? मी ‘हे घोरतात’ तसेच ठेवले. मग त्याने सांगितले: ‘आता उपकरण सुरक्षितपणे काढता येईल.’ हेही वाक्य माझेच, आणि त्याच्यावर कुणी आक्षेप घेतला नव्हता. मी केबल बराच वेळ तशीच राहू दिली. काढता येईल, असे म्हटले होते. काढा, असे म्हटले नव्हते.

आता रोजचा प्रश्न उरतो, कारण दिवसा ती अजूनही टाकीवरच बसते. दोन वेळा मोबाईल वाजवला तर सगळ्या इमारतीला माझे घोरणे ऐकावे लागेल, म्हणून हाक मलाच मारावी लागते. पहिल्या दिवशी मी दारात उभा राहून, घसा साफ करून म्हणालो, “अहो, जेवण वाढलं आहे.”

ती टाकीवरून हलली नाही.

मी आजूबाजूला कुणी नाही असे बघितले. “अहो,” मी म्हणालो, “जेवन वाढलंय. मासली गार होते.”

ती लगेच उतरली. शेजारचे गृहस्थही “आलो” म्हणाले. ते अजूनही कधीकधी म्हणतात. त्यांच्या पत्नीने मला विनंती केली आहे की जेवणाची वेळ थोडी बदलावी, कारण हे आपल्या घरचे ताट वाढायच्या आधीच हात धुऊन बसतात.